ऑलिम्पस ओएम-१ : डाव्या हाताचा कॅमेरा

मी भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरच्या सुईशी माझा रोजचा संबंध. त्यामुळे मामाने त्याचा जुना ऑलिम्पस ओएम-१ माझ्या हातात दिला, मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि डाव्या कडेला खाली एक बारीक सुई थरथरताना दिसली, तेव्हा परक्या घरात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. त्याला आता तीन वर्षं झाली. चाळीसच्या वर रोल या कॅमेऱ्यातून गेले. लेन्स किती धारदार, कॅमेरा किती देखणा, यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते उजेड मोजणाऱ्या मीटरबद्दल आणि फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणाऱ्या शटरच्या रिंगबद्दल. जुना फिल्म कॅमेरा घेणारा बहुतेक वेळा इथेच अडतो, आणि या कॅमेऱ्याच्या प्रेमात पडतो तोही इथेच.

योशिहिसा मैतानी यांनी हा कॅमेरा घडवला. १९७२ साली तो ‘एम-१’ या नावाने बाजारात आला. लायकाची एम मालिका आधीपासून होती, त्यांनी हरकत घेतली आणि पुढच्या वर्षी नाव ‘ओएम-१’ झालं. त्या काळचे एसएलआर, म्हणजे लेन्समधून येणारं दृश्यच आरशाने व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणारे कॅमेरे, चांगलेच जडशीळ असत. याचं वजन लेन्स सोडून अर्ध्या किलोच्या आसपास. एवढं लहान करायचं तर आतलं सामान कुठेतरी हलवावंच लागणार. मैतानींनी शटरचा वेग ठरवणारी यंत्रणा कॅमेऱ्याच्या तळाशी नेली आणि वेग बदलायची तबकडी वरच्या पत्र्यावरून काढून लेन्सच्या माउंटभोवती रिंग करून बसवली. बहुतेक कॅमेऱ्यांना वर उजवीकडे शटर स्पीडची तबकडी असते, तिथे इथे फिल्मचा एएसए, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, लावतात. पहिल्या दिवशी मी तीच फिरवून बसले होते आणि फोटोंचा वेग बदलतोय असं समजत होते. सवयीने आलात तर तुमचंही तसंच होईल, म्हणून आधीच सांगते.

ही रिंग वाचताना किरकोळ वाटते, हातात घेतली की तिची किंमत कळते. डावा तळवा कॅमेऱ्याखाली, अंगठा आणि दोन बोटं लेन्सवर. सगळ्यात मागे, कॅमेऱ्याला चिकटून शटरची रिंग, मध्ये फोकसची, पुढच्या टोकाला ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधलं छिद्र लहान-मोठं करणारी. शटरच्या रिंगला दोन बाजूंना खरखरीत कान काढलेत, ते अंधारातही बोटांना सापडतात. उजव्या हाताला दोनच कामं उरतात: फिल्म ओढायची आणि बटण दाबायचं. बाकी सगळं डाव्या हाताकडे, आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलतच नाही. तीन महिन्यांनी मला जाणवलं की मी आकडे बघणंच सोडलंय. एक टिचकी म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, इतकंच बोटांना माहीत असतं.

आता एक फोटो सांगते. आई दुपारी खिडकीशी खुर्ची ओढून वाचत बसते. खिडकी तिच्या पाठीशी, बाहेर लख्ख ऊन, चेहरा सावलीत. कॅमेऱ्यात ४०० एएसएची फिल्म, ॲपर्चर एफ/४. उभी होते तिथून कॅमेरा रोखला तर सुई चिमट्यासारख्या खुणेच्या मधोमध आली ती शटर १/५०० सेकंदावर असताना. मी चार पावलं पुढे गेले, इतकी जवळ की चौकटीत फक्त तिचा चेहरा मावेल. सुई खाली घसरली, उणे चिन्हाकडे. रिंग फिरवली: २५०, १२५, ६०. साठवर सुई पुन्हा चिमट्यात. तीन स्टॉपचा फरक! परत जागेवर आले. आता सुई वर अधिकाच्या चिन्हापाशी जाऊन बसली होती, उजेड फार होतोय, फार होतोय, असं सांगत. मी तिचं ऐकलं नाही आणि बटण दाबलं. प्रिंटमध्ये खिडकी पांढरी फटक आहे आणि आईच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती, चष्म्याच्या दांडीची गालावर पडलेली सावलीसुद्धा जागच्या जागी आहे. मीटरचं ऐकलं असतं तर खिडकीबाहेरची झाडं सुरेख आली असती आणि आईची नुसती काळी आकृती.

यात मीटरची चूक नव्हती. मीटरला समोर आई आहे की भिंत हे कळत नाही. चौकटीतला उजेड एकत्र करून, मधल्या भागाला जास्त वजन देऊन, तो सगळा मिळून एक मध्यम करडा रंग आहे असं ते धरून चालतं. पांढरी भिंत दाखवा, ती करडी करायला बघेल. काळं मांजर दाखवा, तेही करडंच करायला बघेल. ओएम-१ मध्ये मला सगळ्यात आवडते ती गोष्ट म्हणजे हे मीटर शटरला हात लावत नाही. सुई सांगते आणि थांबते. सुई आणि शटर यांच्या मधला दुवा म्हणजे माझी बोटं.

सगळे कॅमेरे असे नसतात. याच कंपनीचा ट्रिप ३५ घ्या. त्यात बॅटरीच नाही. लेन्सभोवतीच्या बुडबुडेदार काचेमागे सेलेनियम असतं, ते उजेड पडला की स्वतःच वीज तयार करतं आणि त्या विजेवर आतली सुई हलते. तुम्ही बटण दाबायला लागलात की पायऱ्या कापलेला एक पत्रा येऊन ती सुई जागच्या जागी पकडतो. सुई ज्या पायरीवर अडकली त्यावरून ॲपर्चर ठरतं आणि १/४० की १/२०० हेही. उजेड पुरेसा नसेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडा वर येतो आणि बटण पुढे दबतच नाही. केसाएवढ्या सुईला पकडून तिच्याकडून निर्णय वदवून घेणारी ही यंत्रणा मला फार आवडते, वर्गात मी ती फळ्यावर काढून दाखवते. पण खिडकीतल्या आईसाठी ती कामाची नाही. १९७६ चा कॅनन एई-१ आणखी पुढे गेला: शटर स्पीड तुम्ही द्या, ॲपर्चर तो ठरवतो, आणि त्याच्या शटरची वेळ विजेवर मोजली जाते. बॅटरी संपली की फोटो निघत नाही. ओएम-१ ची बॅटरी काढून फेकून द्या, १ सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे वेग तसेच चालतील. बॅटरी लागते ती फक्त सुईला.

आणि त्या बॅटरीनेच मला पहिला फटका दिला.

हा कॅमेरा बनवला तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी. पाऱ्याचे सेल एका बाबतीत अप्रतिम होते: जवळजवळ शेवटपर्यंत व्होल्टेज हलत नसे, आणि मग एकदम संपत. मीटरसाठी याहून चांगलं काही नाही. पण पारा विषारी आणि हे सेल आता मिळत नाहीत. मला दुकानात त्याच मापाचा ॲल्कलाइन सेल मिळाला आणि ‘तोच आहे, नावच वेगळं’ असं सांगण्यात आलं. माप तेच होतं. व्होल्टेज १.५ होतं. मी शिकवते भौतिकशास्त्र, तरी त्या दिवशी तो आकडा वाचूनही मी पुढे गेले, कारण रोल भरायची घाई होती. पहिला रोल धुवून आला तो पातळ निगेटिव्हचा. सावल्यांमध्ये काहीच नाही, नुसती पारदर्शक फिल्म. भाचीच्या पहिल्या सायकलीचे फोटो होते त्यात. ते पुन्हा मिळणार नाहीत.

कारण साधं आहे. मीटरमध्ये कॅडमियम सल्फाइडच्या दोन वड्या आहेत. उजेड वाढला की त्यांचा रोध कमी होतो, प्रवाह वाढतो, सुई वर जाते. पण व्होल्टेज वाढलं तरीही प्रवाह वाढतो आणि सुई वरच जाते. सुईला हे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. ती म्हणते उजेड जास्त आहे, आपण शटर वेगवान करतो आणि फिल्मवर उजेड कमी पडतो. त्यात ॲल्कलाइनचं व्होल्टेज वापरता वापरता उतरत जातं, म्हणजे चूकही दर आठवड्याला वेगळी. एएसए कमी लावून भरपाई करा असं बरेच जण सुचवतात. ते काही दिवस चालतं, मग चालत नाही.

इथे पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचं कौतुक करायलाच हवं. १९६४ चा तो कॅमेरा, तोही पाऱ्याच्या सेलवरचा, पण त्याच्या मीटरचं सर्किट ब्रिजचं आहे. मीटर-ब्रिजचा प्रयोग ज्यांनी केलाय त्यांना आठवेल: सुई मध्यावर शून्यावर असते तेव्हा दोन्ही बाजू समतोल असतात आणि सेल कितीचा आहे याने काही बिघडत नाही. म्हणून स्पॉटमॅटिकला आजचा वेगळ्या व्होल्टेजचा सेल चालतो. दिसायला दोन्ही कॅमेऱ्यांत सुई मध्यावरच आणायची असते, आत मात्र गणित वेगळं. ओएम-१ बनवणाऱ्यांनी ही एक गोष्ट केली असती तर माझं अर्धं परीक्षण लिहावंच लागलं नसतं.

उपाय मी दोन करून पाहिले. पहिला, ऐकू येण्याच्या यंत्रात घालतात तो ६७५ मापाचा झिंक-एअर सेल. व्होल्टेज १.४ च्या जवळपास आणि स्थिर. तो मूळ सेलपेक्षा अरुंद असतो, म्हणून त्याच्याभोवती रबराची छोटी चकती बसवावी लागते, नाहीतर खडखडतो आणि संपर्क सुटतो. त्यावरची चिकटपट्टी काढली की भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. काही मिनिटं थांबून मग झाकण लावायचं. एकदा पट्टी काढली की वापरा वा न वापरा, काही आठवड्यांत तो वाळून संपतो. दुसरा उपाय, १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि मध्ये एक शॉटकी डायोड. डायोड साधारण ०.२ व्होल्ट खातो, उरतात १.३५. सिल्व्हर ऑक्साइडचं व्होल्टेजही बराच काळ सपाट राहतं. मी शेवटी डायोड बसवून घेतला आणि दोन वर्षं त्याकडे बघावं लागलेलं नाही. या कॅमेऱ्यावर आणखी काही खर्च करणार नसाल तर नका करू, एवढं मात्र करा.

मीटरच्या आणखी दोन सवयी सांभाळाव्या लागतात. कॅडमियम सल्फाइडला स्मरणशक्ती आहे. उन्हातून एकदम जिन्यात शिरलात तर सुई काही सेकंद उन्हातच असते, हळूहळू खाली येते. घाई केलीत तर फोटो काळा. मी अशा वेळी मनात दहा मोजते. दुसरं, या दोन वड्या बसवल्यात व्ह्यूफाइंडरच्या भिंगाच्या दोन बाजूंना. म्हणजे मागून येणारा उजेडही त्यांच्यापर्यंत पोचतो. तिपाईवर कॅमेरा लावून लांबून सुई बघितली आणि पाठीवर ऊन असलं, तर ती खोटं सांगणार. मी चष्मा लावते, त्यामुळे डोळा पूर्ण टेकत नाही आणि कडेने उजेड शिरतो. मोजताना डाव्या हाताने थोडा आडोसा करायची सवय लागली आहे. दिव्याच्या मंद उजेडात सुई आळसावते आणि तिच्यावर विसंबता येत नाही. शिवाय ती काळी, अंधाऱ्या चौकटीत दिसतच नाही.

आता शटर. मागचं झाकण उघडून, फिल्म न घालता, पांढऱ्या भिंतीकडे लेन्स रोखून एकदा हे जरूर बघा. कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. बटण दाबलं की पहिला पडदा सरकून चौकट उघडतो, ठरलेल्या वेळाने दुसरा त्याच्या मागोमाग येऊन झाकतो. १/६० पर्यंत एक क्षण असा असतो की पूर्ण चौकट उघडी असते. त्याहून वेगवान झालं की पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो, आणि फिल्मवरून धावते ती उजेडाची एक फट. १/१००० ला ही फट काही मिलिमीटरचीच. पडदे तेवढ्याच वेगाने धावतात, बदलते ती फटीची रुंदी! हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण उघड्या झाकणातून बघितलं तेव्हा ‘शटर स्पीड’ या शब्दाचा अर्थ मला नव्याने कळला. फ्लॅश १/६० च्या वर का वापरता येत नाही तेही इथेच दिसतं: फ्लॅश क्षणात चमकून विझतो, तेव्हा फट जिथे असेल तेवढाच पट्टा उजळतो.

सावकाश वेगांसाठी आत दातेरी चाकांची एक गाडी आहे, ती दुसऱ्या पडद्याला अडवून धरते. १ सेकंदाला तिची घरघर स्पष्ट ऐकू येते. पन्नास वर्षांत तिथलं तेल चिकट होतं. माझ्या कॅमेऱ्याचं मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि दोन ‘टक्’मधलं अंतर मोजलं: १ सेकंदाला १.४ सेकंद, अर्ध्याला ०.७. म्हणजे अर्धा स्टॉप जास्त. १/६० च्या वरचे वेग फोनच्या मायक्रोफोनवर नीट मोजता येत नाहीत, पण त्यासाठी सरळ एक रोल खर्च केला आणि एकाच भिंतीचे, उजेडाची भरपाई करत, सगळ्या वेगांवर फोटो काढले. ५०० आणि १००० ला एका कडेला भिंत गडद आलेली. दुसरा पडदा पहिल्याला गाठत होता. कॅमेरा उघडून, साफ करून, तेल घालून घेतल्यावर १ सेकंद १.०५ वर आला आणि कड सरळ झाली.

दुरुस्तीसाठी उघडला तेव्हाच आणखी एक दुखणं सापडलं. व्ह्यूफाइंडरकडे दृश्य वळवणाऱ्या काचेच्या प्रिझमभोवती कंपनीने फोमची पट्टी लावली होती. हा फोम जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो आणि प्रिझमचा चंदेरी मुलामा खातो. व्ह्यूफाइंडरमध्ये एक काळपट डाग दिसायचा, मला वाटायचं काच मळलीय. ओएम-१ चं हे सर्रास आढळणारं दुखणं आहे. फोम काढला, पण खाल्लेला भाग परत आला नाही. फोटोत तो येत नाही, नजरेला मात्र कायम दिसतो, आणि इतक्या मोठ्या, लखलखीत व्ह्यूफाइंडरला तो डाग बघून अजून वाईट वाटतं.

तक्रारी दोन. व्ह्यूफाइंडरमध्ये शटर स्पीड दिसत नाही, ॲपर्चरही नाही. फक्त सुई. सुई मध्यावर आली म्हणून दाबलं आणि रिंग १/१५ वर होती, असं माझं पाच-सहा वेळा झालंय, फोटो हललेले. आता मोजायला लागण्याआधी रिंग १२५ वर आणून ठेवते आणि तिथून टिचक्या मोजते. दुसरी तक्रार मीटरच्या खटक्याची. तो वर डावीकडे आहे आणि आपण होऊन बंद होत नाही. बॅगेत तसाच राहिला की सेल संपलाच. एकदा सहलीत तसं झालं, रोलमध्ये चौदा फोटो उरले होते. ऊन असताना एफ/१६ आणि शटर फिल्मच्या एएसएच्या आकड्याएवढं, ढगाळ असेल तर एफ/८, सावलीत एफ/४, या हिशेबाने सगळे काढले. बारा नीट आले.

घ्यायला निघालात तर सोबत सेल न्या. व्ह्यूफाइंडर उजेडाकडे धरून प्रिझमचा डाग शोधा. तळाचं सेलचं झाकण उघडून आत हिरवा-पांढरा थर आहे का बघा. जुना सेल फुटलेला असेल तर तारही गेलेली असते. १ सेकंद कानाने ऐका, घरघर मध्येच अडखळता कामा नये. मग भर उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन, एएसए १०० लावा, एफ/१६, १/१२५, आणि हिरवळीकडे रोखा. सुई चिमट्यात किंवा अगदी काठावर असेल तर मीटर जिवंत आहे. ती पार खाली पडलेली असेल पण शटर ठणठणीत असेल, तरीही मी कॅमेरा घेईन; मीटर दुरुस्त होईपर्यंत फिल्मच्या खोक्यावर छापलेले आकडे पुरतात.